शैलावहिनींचा काळा रंग

तो काळा रंग मी ओतला होता, शैलावहिनींनी नव्हे. एवढं साधं वाक्य त्या असताना मला बोलता आलं नाही. गेल्या महिन्यात सोलापूरच्या दवाखान्यातून पुतणीचा फोन आला, "काका, आई गेली..." तेव्हा मी नळदुर्गच्या आमच्या बेकरीत एका केकवर नाव लिहीत होतो. नाव पुरं केलं, मगच खाली बसलो.

थोरला भाऊ गेल्यावर वहिनी बेकरीत आल्या. फाँडंट, म्हणजे केकवर चढवायचा साखरेचा मळलेला लगदा, त्यांच्या हातात ऐकायचा. गडद रंग तर त्यांनीच करावेत. काळा हवा असला की चॉकलेटच्या तपकिरी फाँडंटमध्ये थोडाच रंग मळायच्या आणि डब्यात झाकून ठेवायच्या. "रातभर निजू द्या भाऊजी, सकाळी आपोआप काळा हुतो."

एका ट्रकमालकानं नातवाच्या वाढदिवसाला काळ्या ट्रकचा केक सांगितला. वहिनींना सांगायचं मी विसरलो, आठवलं ते त्याच दिवशी दुपारी. बेकरीत पांढरं फाँडंटच होतं. वहिनींनी त्यात रंग मळला तर राखाडी झालं. "ऱ्हाऊ द्या राखाडीच. लई रंग घातला तर कडू हुतंय," म्हणून त्या ओव्हनकडं वळल्या. मी काळ्या रंगाची अख्खी बाटली ओतली.

संध्याकाळी केक घेऊन आम्ही दोघं गेलो; तो खाऊन पोरांचे दात, जिभा काळ्या झाल्या. नातू थुंकत रडायला लागला. "कुणी केलाय ह्यो?" मालक ओरडला. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "वहिनींनी. हात ऱ्हायला न्हाय आता त्यंचा."

"मग कडू वहिनी म्हणा की!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो... दुसऱ्या दिवसापासून त्यांना ट्रे घासायला बसवलं, कारण त्या रंगाजवळ दिसल्या की मला ती बाटली आठवायची. नाव मात्र चिकटलं. माझ्याही तोंडी बसलं. एकदाच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तरी त्या नावानं हाक मारू नका." मी मारत राहिलो.

तेराव्याला तोच ट्रकमालक आला. "कडू वहिनी गेल्या म्हणं, वाईट झालं." त्याच्या मनात काही नव्हतं, दुसरं नाव त्याला ठाऊकच नव्हतं. तेव्हा मी भावकीसमोर उभा राहून बाटलीचं सांगितलं. पुतणी चहाचे कप उचलत होती. म्हणाली, "आईला ठाऊक हुतं की, काका. तुमी सांगताव का, तेवढंच बघत हुती."

परवा काळ्या केकची ऑर्डर आली. चॉकलेटच्या फाँडंटमध्ये थोडाच रंग मळून त्यांच्या स्टीलच्या डब्यात झाकून ठेवला. सकाळी उघडला तर काळाकुट्ट... झाकणावर लग्नात कोरलेलं त्यांचं नाव अजून आहे. ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणालो, "शैलावहिनी, चूक माझी होती. मला माफ करा."