सातव्या संगणकातली ओळ

तो सोमवार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. फिर्यादीतली रक्कम तीन लाख चाळीस हजार. पोलीस ठाण्यातल्या माझ्या खोलीत आम्ही चौघे: फिर्यादी शेठ, त्यांच्याकडे नोकरीला असलेला बत्तीस वर्षांचा संशयित, जबाब लिहून घेणारा माझा रायटर आणि मी. संशयिताचे वडील बाहेर बाकावर बसले होते. सुरतेच्या लिंबायत भागात त्यांनी तीस वर्षं कापडाचा लूम चालवला होता.

शेठची कंपनी सुरतेतल्या कारखान्यांचे पगार ऑनलाइन पाठवत असे. त्यासाठी लागणारे पासवर्ड एका प्रोग्राममध्ये कुलूपबंद असत. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, मग तो पासवर्ड देतो. हा प्रोग्राम सांभाळणं, सुधारणं हे संशयिताचं काम. शनिवारी कोणीतरी बँकेचा पासवर्ड वापरून पैसे वळवले, आणि रविवारी खबर आली की याने नंदुरबारचं तिकीट काढलंय.

"कुलूप यानेच बनवलं, चावीही याच्याकडेच. आणखी काय शोधायचं, साहेब?" शेठ म्हणाले.

संध्याकाळपर्यंत अटक करायची की सोडायचं, हे मला ठरवायचं होतं. एकेक प्रश्न मी तीनदा विचारला. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर दर वेळी जास्त नीटनेटकं होतं. हा चार प्रश्नांना तिन्ही वेळा "माहीत नाही" म्हणाला. तिकीट चुलतभावाच्या साखरपुड्याचं होतं. पत्रिका खिशातच होती.

मग त्याने प्रोग्रामची नोंदवही दाखवली. पासवर्ड कोणी, कधी काढला, ते तिथे आपोआप लिहिलं जातं. मागच्या पगारवाटपानंतर बँकेचा पासवर्ड एकदाही काढलेला नव्हता.

"पुसली असेल नोंद," शेठ म्हणाले.

"प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण असते. मधली एक पुसली तर पुढची एकही जुळत नाही, शेठ. तुमच्यासमोर जुळवून दाखवतो." त्याने जुळवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, पासवर्ड तिजोरीतून निघालेलाच नाही. आत ठेवताना बाहेर राहिलाय."

जुन्या प्रोग्राममध्ये नवा पासवर्ड हुकुमाच्या ओळीतच टाइप करावा लागे, आणि संगणक टाइप केलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवतो. ही खोड याच्या ध्यानात आली, तेव्हा त्याने सुधारणा केली: प्रोग्राम पासवर्ड वेगळा विचारेल, दाखवणार नाही, ठेवणार नाही. सात संगणकांपैकी सहांवर ती बसवून झाली होती.

"सातवा कोणाचा?"

मालकाकडे बोट दाखवणं त्याला जड जात होतं. शेवटी शेठच म्हणाले, "माझा. मी म्हटलं, चाले छे ने, चालतंय तर कशाला हात लावतोस?"

"आता कुठे आहे?"

"गेल्या आठवड्यात दुकानात देऊन नवा घेतला."

दुकानातून तो संगणक आणला आणि दोन पंचांसमोर चालू केला. काळ्या पडद्यावर वरच्या बाणाची कळ दाबत गेलो, तशी एकेक जुनी ओळ परत येत गेली. अकराव्या दाबाला शेठनी टाइप केलेली ओळ आली, पासवर्डासकट. दुकानातल्या कारागिराने दुपारीच कबुली दिली.

संशयिताला मोकळं केलं, तेव्हा वडील आत आले. "मना पोऱ्या चोर नही शे, हे तुमच्या वहीत लिखेल शे का, साहेब?" मी स्टेशन डायरीतली नोंद वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

शेठ खाली पाहत पोराला म्हणाले, "आज सुट्टी घे."

"आधी तो पासवर्ड बदलतो. मग तुमच्या नव्या संगणकावर सुधारणा बसवतो. दहा मिनिटांचं काम आहे."

नोकरीभर मी कपाटातून वस्तू कोणी काढली, एवढंच शोधत आलो होतो. ती आत ठेवताना काय झालं, हे क्वचितच विचारलं. दुसऱ्या दिवशी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. तिथल्या कुलपाचा आकडा विसरू नये म्हणून मीच तो दाराच्या चौकटीवर खडूने लिहिला होता. ओल्या फडक्याने पुसला आणि नवा आकडा लावला.