रद्दीतल्या पुस्तकाची चटणी

बरणीचं फडकं सुटलं आणि आत चटणीऐवजी पांढरी लव दिसली. मांजराच्या पिल्लाच्या पाठीवर असते तशी मऊ, मधेच हिरवट झाक मारणारी. पंगतीत भाकरी वाढून झाल्या होत्या. नणंदेच्या सासूनं बरणी दोन्ही हातांनी उचलली, आधी स्वतः आत डोकावली, मग सगळ्यांना नीट दिसावी म्हणून कलती करून फिरवली. आरतीचं ताट फिरवतात तशी.

"बघा की पावणं," ती माझ्या सासूला म्हणाली, "कोल्हापुरात चटणीला मिशा फुटत्यात व्हय?"

तिचा धाकटा मुलगा खिदळला. मालकांनी, म्हणजे आमच्या नवऱ्यानं, ताटातल्या मिठाकडं असं बघितलं की जणू मीठ पहिल्यांदाच बघतोय. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

हे गारगोटीला घडलं. श्रावण होता. नणंदेच्या लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणून तिला माहेरी न्यायला आम्ही तिघं मंगळवार पेठेतून आलो होतो: सासू, मालक आणि मी. आमच्यात लेकीला पहिल्या वर्षी वर्षभराची कांदा-लसूण चटणी माहेरची जाते. सासरचे लोक ती चाखतात आणि त्यावरून पोरीचं वळण ठरवतात. पोरगी चार महिने त्यांच्या डोळ्यांसमोर राबतेय ते काही मोजत नाहीत. तर ती बरणी वैशाखात पोचली होती. त्यांची आदल्या वर्षीची चटणी संपायची होती, म्हणून आमची फडक्यानं बांधून कोपऱ्यात ठेवली आणि मानाची म्हणून आम्ही जेवायला बसल्यावर उघडली.

ती चटणी मी केली होती. पुस्तकात बघून.

आता जुनी पाककृती म्हटलं की लोकांचे डोळे भरून येतात. नातसून परवा सांगत होती, जुन्या पाकपुस्तकांना म्हणे फार मागणी आहे, तुमच्याकडं एखादं असेल ना? म्हटलं, आहे. डोळे आमचेही भरून आले होते, पण ते मिरची कुटायच्या डंकावर.

पुस्तक मालकांनी रद्दीवाल्याकडून आणलं. हापिसात कारकून होते, वाचायची हौस, आणि बायको चौथी पास. तेव्हा तिला सुधारायची ही एक वाट त्यांना दिसली. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. सुरुवातीची पानं फुटाण्याच्या पुड्यांत खपली होती, त्यामुळं लिहिणारी बाई कोण, कुठली, काही कळत नव्हतं. संस्थानाच्या काळातली असावी, कारण दर दोन पानांनी ती "हे काम स्वयंपाक्यास सांगावे" म्हणून लिहायची. मी वाचता वाचता मान वर करून बघायची. स्वयंपाकी कुठं दिसायचा नाही. चुलीपुढं मीच. एका ठिकाणी चोवीस अंडी फेसायला सांगितली होती, आणि पदार्थ चांदीच्या ताटात काढून वर गुलाबाच्या पाकळ्या. आमच्या घरी पितळी परात होती आणि गुलाबाच्या जागी चुलीतली राख उडून पडायची.

मालक संध्याकाळी पाटावर बसून मोठ्यानं वाचायचे. मी पिठलं हाटतेय आणि हे वाचतायत, "केशर चार मासे." मी विचारायची, "घालू?"

पण त्या पुस्तकात चटणीचं पान होतं. तिथं बाईनं स्वयंपाक्याला हाक मारली नव्हती. मिरची किती, कांदा किती, खोबरं, तीळ, मीठ, सगळं मापासकट. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं.

त्याला कारण होतं. सासूचा मिठाचा हात पेठेत नावाजलेला. चैत्र आला की गल्लीतल्या बाया परातीत मिरचीची पूड घेऊन यायच्या, "मामी, तेवढं मीठ बघा." ती मूठ भरायची, सोडायची, झालं. वर्षभर चटणीला काही व्हायचं नाही. मला मात्र अकरा वर्षांत तिनं माप सांगितलं नव्हतं. मिरच्यांची देठं खुडायला मी, खोबरं किसायला मी, कांदा भाजून हात पोळून घ्यायला मी. मीठ घालायची वेळ झाली की, "जा, जळाण घिऊन ये." मी जळण घेऊन येईपर्यंत चटणी बरणीत.

त्या वर्षी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, वाकायचं नाही, धुराजवळ आणि मिरचीजवळ जायचं नाही. ती आतल्या खोलीत निजलेली आणि बाहेर मिरची वाळत पडलेली. शेवटी तिनं हाक मारली.

"हिकडं ये. कागद आण, पेन्सिल आण. मी सांगतो, तू लिवून घे."

अकरा वर्षांनी. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, "नको आत्याबाई. माझ्याकडं छापील हाय."

तिनं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "बरं." आणि कूस बदलली. मला फार बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

पुस्तकात दोन शेर मिरचीला सोळा तोळे मीठ लिहिलं होतं. किलो-ग्रॅम येऊन तेव्हा आठ-दहा वर्षं झाली होती, दुकानातली जुनी वजनं गेली होती. मालकांनी पेन्सिल कानावरून काढली. शेर म्हणजे ऐंशी तोळे, शाळेत पाठ केलेलं. म्हणजे किलोच धर, थोडा कमी. तोळा म्हणजे बारा ग्रॅमला जरा कमी, हे सोनाराकडून विचारून आणलं. आम्हाला सहा किलो मिरचीची चटणी लागायची, म्हणून सगळं तिप्पट केलं. मीठ आलं अर्ध्या किलोच्या किंचित वर. हिशेबात त्यांनी एका ग्रॅमची चूक केली नाही. मी आजही त्यांना तेवढं श्रेय देते.

डंकावर मिरची कुटायला गेले तर डंकवाली मिठाच्या पुडीकडं बघून म्हणाली, "वैनी, मीठ घरात इसरलाय काय?"

"न्हाय. एवढंच हाय."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकानं."

"मग त्येलाच खायला घाला," ती म्हणाली आणि डंक सुरू केला.

सासूनं पट्टी सुटल्यावर चटणी जिभेवर ठेवली. "आळणी हाय."

"मापानं केलीय."

"जिभेला इचारलं काय माप?"

मी आमटीत वरून मीठ घालत राहिले. घरच्या बरण्या आम्ही रोज उघडत होतो, ढवळत होतो, म्हणून त्या तगल्या. नणंदेची बरणी गारगोटीच्या पावसात तीन महिने तोंड बांधून बसली होती. पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे.

नणंद भाकरीची टोपली घेऊन उभी होती. नवं लुगडं नेसली होती. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, ती तीन दिवस आधीच भरली होती असं तिनं मला नंतर सांगितलं. तिची सासू बरणी खाली ठेवून म्हणाली, "हिला आता पंचमीला धाडून काय करू? माहेरात आणि काय शिकून यायचं ऱ्हायलंय? ऱ्हाऊ दे हितंच."

पहिल्या पंचमीला पोरगी माहेरी आली नाही तर गल्लीत काय बोलतात ते सांगायला नको. आणि गारगोटीत तिला जन्मभर मिशावाली चटणी ऐकावी लागली असती. नणंदेनं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं चटणी कुणाची. मी तोंड उघडायला हवं होतं. मी भाकरीकडं बघत बसले.

माझ्या सासूनं काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. बरणी ओढली, बोटानं बुरशी बाजूला सारली, खालची चटणी जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "माझी चूक हाय ईनबाई. डोळ्याला पट्टी व्हती. मिठाचा अंदाज गेला. ह्यात पोरीचा काय संबंध न्हाय, हात माझा हाय."

ईनबाईंना तेवढंच हवं होतं. "डोळं गेलं तर गेलं, हात तरी ऱ्हावा की मानसाचा."

"व्हय," सासू म्हणाली.

तिला कुणापुढं असं व्हय म्हणताना मी आधी ऐकलं नव्हतं, पुढंही कधी ऐकलं नाही.

"न्या मग पोरीला," ईनबाई म्हणाल्या. "पर मोकळ्या हातानं आणू नगा. चटणी हिच्या हातनं करून घ्या. आम्ही बघतो."

जेवण झालं. दही वाढलं, ते चांगलं होतं.

परतीच्या एसटीत आम्ही तिघी एका बाकावर, मालक पुढच्या बाकावर. गाव मागं पडल्यावर सासू म्हणाली, "आता सांग. काय लिवलंय त्यात?"

मालकांना पाठच होतं. मान वळवून म्हणाले, "दोन शेर मिरची, सोळा तोळे मीठ."

"कुठला शेर?"

"शेर म्हणजे शेर की आई. ऐंशी तोळ्यांचा."

"आमच्या बाजाराला चोवीस तोळ्याचा शेर व्हता. मिरची, गूळ, कांदा समदं त्येच्यावर. तुजा ऐंशीचा मागनं आला." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "दोन शेर म्हणजी अठ्ठेचाळीस तोळं मिरची. त्येला सोळा तोळं मीठ. तिसरा हिस्सा. बरोबर लिवलंय की बाईनं."

बाईनं बरोबरच लिहिलं होतं. मिरची आम्ही तिप्पटीनं जास्त घेतली आणि मीठ सोनाराच्या काट्यानं मोजून घातलं. शाळेत गेलेली दोन माणसं त्या पुस्तकावर आठवडाभर बसली होती, आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला ते एसटीच्या धक्क्यांत कळलं.

नणंद पदर तोंडात घालून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. कंडक्टरनं वळून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाय," सासू म्हणाली. "शिकल्याली मानसं हायत."

घरी आल्यावर पंचमी झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चटणीला बसलो. श्रावणात ऊन कुठलं, मिरची तव्यावर गरम करून घेतली, सगळं घर खोकत होतं. डंकवालीनं मला बघितल्या बघितल्या विचारलं, "पुस्तक आलंय काय संगं?"

मीठ घालायची वेळ झाली. मी सवयीनं जळण आणायला उठले.

"बस," सासू म्हणाली. "किलोला एक चिपटं मीठ. वर ही एवढी मूठ. दोघींनी बघा, परत सांगायचा न्हाय मी."

चिपटं म्हणजे धान्य मापायचं लहान माप. मी ते मीठ पुडीत बांधून वाण्याच्या काट्यावर वजन करून आणलं. मूठ धरून किलोच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरलं. म्हणजे अकरा वर्षं तिनं माझ्यापासून जे लपवून ठेवलं, ते रद्दीच्या दुकानात पडून होतं. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी ते लिहून ठेवलं. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

नणंदेच्या हातची बरणी गारगोटीला गेली. ईनबाईंनी चाखली आणि म्हणाल्या, "जरा तिखाट हाय." त्यापेक्षा चांगलं त्या कुणाला बोलत नसत.

गारगोटीची गोष्ट महिन्याभरात मंगळवार पेठेत पोचली, ती सासूच्या नावानं. पुढच्या चैत्रात दोन-तीन घरांनी मिठाला तिच्याकडं परात आणली नाही. ती ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत होती आणि मिरच्यांची देठं खुडत होती. चटणी मी केली होती हे मी गल्लीत कुणाला सांगितलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आम्ही दोघी त्यावर पुन्हा बोललो नाही.

पुस्तक मी नातसुनेला दिलं नाही. चटणीचं पान फाडून दिलं आणि शेर कुठला ते वर लिहून दिलं. तिनं त्याचा फोटो काढला. चटणी ती विकतची आणते.

त्या दिवशी गारगोटीच्या स्वयंपाकघरात आठ माणसं होती. नणंदेच्या घरची चार, आम्ही तिघं आणि वाढायला उभी असलेली नणंद. त्यांतली आता नणंद आहे आणि मी आहे.