काकांचा डावा पाय
माझ्या मावशीने सत्तावीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री केली. चादर घडी घालण्याइतकी निवली की नाही, हे ती हाताच्या मागच्या बाजूने बघते, कारण तळवे केव्हाच राठ झालेत. बोलायला फटकळ, मालकसुद्धा तिला वचकून असतो.

तिचे यजमान, आमचे काका, गोदामात माल उतरवतात. एकदा खोक्याचा खिळा त्यांच्या डाव्या नडगीत घुसला. तिसऱ्या दिवशी पाय टम्म सुजला, ठणका बसू देईना. इस्पितळाने दोनदा तपासून परत पाठवलं. म्हणे, लाली नाही, म्हणजे जखम चिघळलेली नाही. लाली दिसणार कशी? आम्ही बाहेरून येऊन इथे राहिलेली काळी माणसं. इथल्यांच्या गोऱ्या अंगावर डास चावला तरी दिसतो, आमच्या कातडीखाली आग पेटली तरी वरून पत्ता लागत नाही. आमच्या शेजारणीला असंच दोनदा परत पाठवलं, आणि शेवटी तिचा पाय गुडघ्याखाली कापला. मावशीच्या डोळ्यांपुढे तेच होतं.

तिसऱ्या खेपेला ती कामावरून तडक इस्पितळात आली. तरुण डॉक्टरीणबाई दिव्याखाली पाय निरखून म्हणाली, "लाली तर नाहीये..."

"डॉक्टर, हातमोजा काढा."

मावशीने तिचा हात धरला आणि पालथा करून आधी उजव्या नडगीवर टेकवला, मग डाव्या.

डॉक्टरीण दचकली. "अहो, हा तर भाजतोय!"

"दोन दिवस तेच सांगतोय. तुम्हाला वाटलं, ही माणसं रडतातच."

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "आमच्या पुस्तकात सगळे गोरेच पाय आहेत."

लगेच सलाईन लागलं, त्यातून औषध सुरू झालं. सूज पसरतेय का हे कळायला तिने पेनाने कडेची रेघ ओढली. काकांच्या पायावर निळी शाई दिसेना! मग मावशीने चाचपून ऊन भाग दाखवला आणि डॉक्टरणीने त्याच्या कडेने पांढरी चिकटपट्टी लावली. सकाळी ऊन भाग दोन बोटं आत सरकला होता. मला हायसं वाटलं.

पाचव्या दिवशी पट्टी काढताना केस उपटले गेले आणि काकांनी इस्पितळ डोक्यावर घेतलं. मावशी हसत होती आणि डोळे पुसत होती.

"ओरडा, खुशाल ओरडा," ती म्हणाली. "पाय आहे म्हणून दुखतंय!"