ओर्वो कधीच चुकत नाही

आमच्या कुर्किवारात ओर्वो कार्पिनेन कधीच चुकत नाही. हे त्याचं स्वतःचं मत. पण चाळीस वर्षं गावातली प्रत्येक गाडी त्याच्याच हाताखालून गेलीय, त्यामुळे वाद घालायला कोणी जात नाही. बोलायला तर तो भलताच महाग. आधी दोन कप कॉफी, मग बॉनेट, मग "हं". त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझी निम्मी हयात गेली, कारण त्याच्या गॅरेजला लागूनच माझं घर.

जूनमध्ये सायमीची जुनी डिझेल गाडी तापायला लागली. दहा किलोमीटर गेलं की काटा लाल रेषेवर, आणि चढावर नुसती वाफ. सायमी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते, दुकान पंचवीस किलोमीटरवर. तिचा मुलगा यार्को ओउलू शहरात असतो. त्याने बजावलं होतं, "आई, आता गाडी रस्त्यात थांबली, तर ती विकायची आणि तू माझ्याकडे फ्लॅटवर यायचं." त्यानंतर ती दोनदा थांबली. शनिवारी तो विक्रीचे कागद घेऊन येणार होता. आणि त्याने फोनवर विचारलं तेव्हा आमच्या ओर्वो पंडिताने काय सांगावं? "गाडीत खोट नाही. चालवणारी काट्याकडे बघत नाही." अस्सा राग आला मला!

तरी शनिवारी सकाळी मला सोबत घेऊन ओर्वोची स्वारी सायमीच्या अंगणात हजर. पाणी पुरेसं होतं. पाइप कुठे गळत नव्हते, पंपाचा पट्टाही घट्ट होता. मग त्याने थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. ती उघडते का ते बघायला त्याने ती शेगडीवर उकळत ठेवली. सायमीच्या कॉफीच्या भांड्यात!

"अरे मेल्या, त्यात कॉफी करते मी!"

"उघडली," ओर्वो म्हणाला. "झडप चांगली आहे."

"झडप चांगली, पण माझं भांडं गेलं ना कामातून!"

झडप परत बसली. राहिला रेडिएटर. डास-माश्या अडकून तो बुजला असेल, असं म्हणत ओर्वोने नळी आणली आणि पुढच्या जाळीतून जोरात पाणी मारलं. ते आत जायचं सोडून उसळून त्याच्याच तोंडावर आलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. टोपीपासून बुटांपर्यंत तो निथळत उभा, आणि सायमी नि मी पोट धरधरून हसतोय.

मग त्याने जाळीमागे दोन बोटं घातली आणि पुठ्ठ्याचा काळा लगदा बाहेर ओढला.

थंडीत इंजिन गारठू नये म्हणून रेडिएटरपुढे पुठ्ठा आम्ही सगळेच लावतो आणि बर्फ वितळलं की काढतो. पण तो मापात कापून, बाहेरून दिसू नये म्हणून काळा रंगवणारा नग अख्ख्या गावात एकच आहे. आणि तो हातातल्या लगद्याकडे बघत होता.

तेवढ्यात यार्को आला. "सापडलं?"

"थंडीतला पुठ्ठा राहिला होता," मी म्हणालो.

"बघ आई! मी म्हणत नव्हतो? तुझ्या लक्षातच राहत नाही आता काही."

सायमीने ओर्वोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुठ्ठा कोणाचा ते सांगून त्याचा पाणउतारा करण्यापेक्षा ती ओउलूला गेली असती, बाई तशीच आहे. ओर्वोचे कान लाल झाले.

"मी लावला होता," ओर्वो म्हणाला. "काढायचा मीच विसरलो. तिला माहीतही नव्हतं. फोनवर बोललो ते चूक होतं. माझी चूक."

एका दमात पाच वाक्यं!

सायमीने यार्कोला शेजारी बसवलं आणि गाडी टेकडीवर तीनदा चढवली-उतरवली. काटा मध्यावरून हलला नाही. खाली उतरून तिने दार धाडकन लावलं.

"ओर्वो, ऑक्टोबरात ये पुठ्ठा लावायला. आणि या वेळी लाल रंगव."

ऑक्टोबरातही आई इथेच असणार, हे यार्कोनेही ऐकलं. त्याने कागदांची घडी घालून खिशात ठेवली आणि कॉफी मिळेल का, असं विचारलं.

"मिळेल की," सायमी म्हणाली. "आधी दुकानातून भांडं आणू. चल, मी चालवते."