दाभण

परदेशी निघालो त्या सकाळी आबांनी माझ्या थोबाडीत मारली. हे लिहावं की नाही, असं अजूनही वाटतं. पण त्या दिवसाची सुरुवात तीच होती.

आबा धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये पोती शिवतात. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आता एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात चाललो होतो. नव्या चाकांच्या बॅगेला त्यांनी गोणपाट गुंडाळलं आणि दाभण घेऊन सुतळीने शिवायला बसले.

"आबा, नका ना. लोक हसतील."

"हासू दे. फाटी गयी तं तठे कोन शे शिवाले?"

मी बॅग ओढली. त्यांनी डावा हात उचलला आणि मारली. कानात शीळ वाजली. आई आतून म्हणाली, "आज तरी!" आबा खाली वाकून शिवत राहिले.

आमच्या घरात असंच होतं. आबा मला मारायचे, मी धाकट्या भावाला. जळगावच्या होस्टेलवर मी एकाचा दात पाडला होता. तेव्हा माफीच्या पत्रावर सही करून सुटलो. त्याच वर्षी कॉलेजात 'सकारात्मक दृष्टिकोन' यावर व्याख्यान झालं. आम्ही मागच्या बाकावर हसून हसून लोळलो होतो.

दोन विमानं, एक रात्र, आणि पोटात फक्त एक सँडविच. परदेशातल्या त्या विमानतळावर उतरलो तेव्हा पाय सुजले होते. दीड वाजता बस होती. विद्यापीठात पाच वाजेपर्यंत हजर व्हायचं होतं. आजचा शेवटचा दिवस. नाहीतर जागा पुढच्याला, असं विद्यापीठाच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

कस्टमच्या माणसाने गोणपाट बघितलं आणि मला बाजूला घेतलं. उंच, लाल मानेचा माणूस. त्याने शिवणीच्या कोपऱ्यात बोटं घालून जोरात ओढलं आणि ओरडला.

मला लगेच कळलं. जिनिंगमध्ये शिवण संपली की दाभण शेवटच्या टाक्यातच खोसून ठेवतात, पुढच्या वेळी शोधायला नको म्हणून. आबांनी सवयीने तेच केलं होतं. चार बोटं लांबीचा दाभण त्याच्या तळव्यात घुसला होता.

त्याने तो उपसला. रक्त टेबलावर सांडलं. दुसऱ्याच क्षणी माझी कॉलर त्याच्या मुठीत होती आणि माझा गाल काचेवर आदळला. तोच गाल. त्याच्या सोबतच्या बाईने माझा हात मागे पिरगाळला. मी "सॉरी, सॉरी" म्हणत होतो. तो माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडत होता, थुंकी उडत होती.

त्यांनी हात सोडला तेव्हा माझी मूठ वळलेली होती. त्याचा जबडा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, हे खोटं कशाला सांगू? आणि पुढच्या विमानाने परत, हेही माहीत होतं. ते व्याख्यान आठवलं, पण त्यातला एक शब्दही कामाचा नव्हता.

मग त्याचा तळवा दिसला. अशी भोकं आबांच्या हातावर किती आहेत, मोजता येणार नाहीत. नव्या माणसाला दाभण लागला की जिनिंगमध्ये कोणी बोलत बसत नाही. कापसाचा बोळा दाबतात. आईने लोणच्याची बरणी घरच्या कापसात गुंडाळून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली होती; गोणपाटाच्या उसवलेल्या कोपऱ्यातून ती दिसत होती. मी मूठ उघडली, हळूच तिकडे बोट दाखवलं, बरणीभोवतीचा कापूस काढून पुढे केला.

त्याने फटका मारून तो उडवला.

मी दुसरा बोळा काढला.  तो तसाच पुढे धरून ठेवला. बाईने त्याला काहीतरी सुनावलं. शेवटी त्याने बोळा घेतला आणि दाबला.

पुढे त्यांनी सगळं सुरीने फाडलं. गोणपाट चिरलं, चेन तुटली, एक चाक निखळलं. आईने दिलेल्या बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, चुरा झाला. सापडलं काहीच नाही. एक वाजून पाच मिनिटं झाली होती आणि ही बॅग उचलली की सगळं खाली येणार होतं.

मी दाभण मागितला. खुणेनं, शिवण्याची नक्कल करून.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतः समोर उभा राहून त्याने दाभण दिला. मी जमिनीवर बसलो आणि उसवलेली सुतळी जोडून आबांसारखे आडवे टाके घालत गेलो. राग एकेका टाक्यात जात होता. शेवटचा टाका झाला, आणि माझा हात आबांच्या सवयीने दाभण तिथेच खोसायला गेला. तो "नो!" म्हणून गरजला. बाई हसली. मग मलाही हसू आलं. दाभण त्याने ठेवून घेतला.

बस मिळाली. पाचला दहा मिनिटं कमी असताना रजिस्टरवर सही केली. मग घरी फोन लावला.

"दाभण भेटना का?" आबांनी पहिलं हेच विचारलं.

"एकाच्या हातात घुसला, आबा."

"रगत निंघनं?"

"हो. कापूस दिला."

"मारं का त्यानी तुले?"

"हो."

"तू?"

"नाही मारलं."



"गाल दुखस का रे?"

त्यांना कोणता मार म्हणायचा होता, मी विचारलं नाही. आजवर अशा वेळी मी 'नाही' म्हणत आलो होतो.

"दुखस, आबा," मी म्हणालो.