भटूच्या वडिलांना वर्गात बोलावलं होतं

मित्रांनो, आज दुपारी आईचा जुना विद्यार्थी भटू पेढे घेऊन आला. त्याची नात बारावी पास झाली. तो गेल्यावर आईने मला एक प्रश्न विचारला, म्हणून हे लिहितोय.

सन सत्तरच्या सुमारास आई सुरतजवळच्या उधन्याच्या एका मराठी शाळेत शिकवायची. "मोठं होऊन कोण होणार?" विचारलं की मुलं डॉक्टर, कलेक्टर म्हणायची. वडिलांचं काम सांगायला मात्र लाजायची. बहुतेकांचे वडील खानदेशातून येऊन कापड विणायच्या लूमवर राबत होते.

म्हणून आईने लूमच्या सुट्टीच्या दिवशी भटूच्या वडिलांना वर्गात बोलावलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी तुटलेला धागा जोडून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

भटू अभ्यासात हुशार. तरी सातवीनंतर त्याने शाळा सोडली. घरी अडचण असेल, असं आई इतकी वर्षं समजत होती.

आज तिने विचारलं, "का रे सोडलीस शाळा?" दोनदा ओरडून विचारावं लागलं. लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेलेत.

भटू हसला. "बाई, मना बापले तुम्हीन खुर्चीवर बसाडं. मी तवयच ठराई टाकं, आपन बी लूमवरच जावानं."

"अरे, तू लूमवर जावंस म्हणून नव्हतं बोलावलं," आई हळूच म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही. "पेढा खा ना, बाई," तो म्हणाला.

आत्ता जेवताना आईने मला विचारलं, "नको होतं का रे बोलवायला?"

तुमच्यात शिक्षक असतील. तिला काय सांगू?