सांबराची खुंटी

आमच्या गावाबाहेरच्या शिकारमहालात आता सार्वजनिक वाचनालय आहे. संस्थानच्या काळातली ही बरोक या नक्षीदार युरोपीय शैलीतली इमारत. भिंतींवर चुन्याच्या वेलबुट्ट्या आणि त्यांच्या मधोमध सांबरांची शिंगे टांगण्याच्या लोखंडी खुंट्या. शिंगे केव्हाच गेली. काल एका बाईंनी अशाच एका खुंटीला भाजीची पिशवी सहज अडकवली आणि त्या वाचत बसल्या. मला संताप यायला हवा होता. आला, पण स्वतःचाच.

याच खुंट्या काढू नयेत म्हणून मी नऊ वर्षे हरकती, अर्ज आणि स्मरणपत्रे लिहिली. वास्तूच्या मूळ रूपास बाधा येता कामा नये, हे माझे म्हणणे कायद्याने बिनचूक होते. त्यापायी वाचनालय नऊ वर्षे रखडले. वाचनालय व्हावे म्हणून खेटे घालणारे माझे शेजारी, निवृत्त शिक्षक दत्तोपंत, तेव्हा म्हणाले होते, "अहो कायदेपंडित, सांबरं मेली. माणसं अजून जिवंत आहेत." मी त्यांनाही लेखी उत्तर धाडले.

दार उघडले, तोवर दत्तोपंतांची दृष्टी गेली होती.

आता रोज सकाळी मी त्यांना हात धरून इथे आणतो आणि वर्तमानपत्र वाचून दाखवतो, तेही कुजबुजत. कारण समोर 'शांतता राखा' ही पाटी आहे. ती माझ्याच अर्जावरून लागली.

काल दत्तोपंत म्हणाले, "जरा मोठ्यानं वाचा हो. तक्रार करणारा तर माझ्या शेजारीच बसलाय."

मी पाटीकडे पाहिले आणि आवाज चढवला.